आईच्या हाती तलवार

माळा आवरताना जुन्या कॉम्प्युटरचं झालरवालं कव्हर सापडलं. आईनं तिच्या साडीचं शिवलेलं. नाकाशी धरलं, तर तापलेल्या मॉनिटरचा धुळकट वास अजून येतोय असं वाटलं.

तेव्हा आम्ही सातपूरला राहायचो. दादा आणि मी राक्षस-जादूगारांचा एक गेम खेळायचो. त्यात आपली फौज आपणच बनवायची असे, आणि आम्ही तिला घरच्यांचीच नावं दिली होती. आम्ही दोघं पुढे तलवारी घेऊन, आई सगळ्यात मागे, जखमा बऱ्या करायला.

मटार सोलता सोलता आईनं ते पाहिलं. "इथंही मी मलमपट्टीच करायची का रे? मला तलवार द्या!"

मग आम्ही आईचे सगळे पॉइंट ताकदीत टाकले आणि तिच्या मागे वैद्य म्हणून बाबांना उभं केलं.

संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले. "चहा टाकतेस ना?"

"थांबा हो, आधी हा ड्रॅगन मारते," माऊस न सोडता आई म्हणाली.

ड्रॅगन पडला तेव्हा दादा आणि मी पडद्याकडे बघून नाचत होतो. आज मात्र आठवतात ते बाबा. स्वतः केलेल्या चहाचा कप घेऊन, आईच्या मागे उभे. गेममध्ये होते तसेच.