खंडेनवमीचा सिलिंडर

माझ्या दुखण्याला कोणी अर्धशिशी म्हटलं की मला राग यायचा, अजूनही येतो. अर्धशिशीवाला माणूस अंधार करून पडून तरी राहतो. मला बूड टेकवता यायचं नाही. पाऊस सरला की दोन महिने, रोज दुपारी साडेतीनच्या सुमाराला डाव्या डोळ्यामागे तापलेला पाना पिरगाळल्यासारखं व्हायचं आणि पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी तासभर भिंतीवर डोकं आपटत फिरायचो. आठ वर्षं हे चाललं. सुंठेचे लेप झाले, नाकात तूप झालं, एक धडधाकट दाढसुद्धा उपटून झाली. आठव्या वर्षी माझी सगळी रजा संपली आणि बायकोला मी स्पष्ट सांगितलं, हे असंच राहिलं तर मी काही हा जन्म पुरा करत नाही. दुसऱ्या दिवशी ती मला एका नव्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, "ही अर्धशिशी नाहीच, हिला शुद्ध ऑक्सिजन लागू पडतो. घरी ठेवा. कळ सुरू झाली की लगेच मास्क लावायचा. मिनिटाला बारा लिटर, पंधरा-वीस मिनिटं." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ओझरच्या कारखान्यात विमानांमध्ये वैमानिकांसाठी ऑक्सिजनच्या बाटल्या बसवणं हेच माझं काम. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

सिलिंडर भाड्याने आणला. दुकानदार दम्याच्या पेशंटची नाकातली नळी गळ्यात मारत होता. तिच्यातून मिनिटाला बारा लिटर कुठले येणार? भांडून पिशवीवाला मास्क घेतला. खिडकीच्या गजाला साखळीने सिलिंडर बांधला आणि बायकोला कारखान्याचा नियम पढवला: ऑक्सिजनजवळ तेल नाही, दिवा नाही, काडी नाही. भडका उडायला वेळ लागत नाही. दसऱ्यासाठी वणीजवळच्या गावाहून आई आली होती. तिला सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. जेवून जरा डोळा लागला होता, तो कळेनेच उघडला. धडपडत आतल्या खोलीत गेलो तर सिलिंडरच्या कमरेला झेंडूची माळ, अंगावर हळदकुंकू, पायाशी विळी, कोयता, माझे पाने ओळीने मांडलेले आणि पुढे निरांजन तेवतंय. सगळी हत्यारं आईने दरवर्षीसारखी तेलाने पुसून लखलखीत केली होती. त्यात सिलिंडर उघडायची चावीही.

"आई, आधी तो दिवा उचल."

"आरं, आत्ताच तर लावलाय. तुझं दुखणं मारणारं हत्यार हाय ना ते? मग त्याची पूजा नको?"

बायकोने निरांजन उचलून थेट अंगणात नेलं. मी एका हाताने डोळा दाबून विचारलं, "वरच्या तोंडाला तेल लावलंस का?"

"नाय रं. तिथं माझा हात कुठं पुरतो."

उरली चावी. बायको मोरीत बसून ती गरम पाण्याने आणि साबणाने घासायला लागली. मी दारात गुरासारखा ओरडत होतो आणि चावी हुंगून "अजून एकदा धू" असंही मीच म्हणत होतो. तीनदा धुतली. मग कोरडी केली, सिलिंडर उघडला, मास्क लावला.

पाच मिनिटं काही नाही. वाटलं, संपलं, हाही उपाय फुकट. आठव्या मिनिटाला कळ जरा ढिली पडली. चौदाव्याला निघून गेली. कमी झाली नाही, गेलीच.

"गेलं," मी म्हणालो. दोघींचाही विश्वास बसेना. बसणार कसा? त्यांना बरं वाटावं म्हणून आठ वर्षं मी खोटंच "कमी आहे" म्हणत आलो होतो. शेवटी पाटावर बसलो आणि चार वाजता दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. तेव्हा कुठे आई रडायला लागली. मीही रडलो, लाज कसली त्यात.

दसऱ्याला दुपारी सव्वातीनलाच सिलिंडरशेजारी खुर्ची ओढली आणि मास्क मांडीवर घेऊन बसलो. आजवर त्या वेळेला मी घड्याळाकडे बघायलाही घाबरायचो. त्या दिवशी बसून वाट पाहिली. म्हटलं, ये लेका, बघू आज कोण पळतं. ते आलं, आणि बारा मिनिटांत पळालं.