पडद्यावरून गेलेली ओळ

सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयासाठी मी वेबपान बनवलं होतं. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात, तिथल्या टीव्हीवर ते दिसायचं. प्रत्येक पेशंटची एक ओळ, केस नंबर आणि पुढे 'तयारी', 'शस्त्रक्रिया सुरू' किंवा 'रिकव्हरी'. दर अर्ध्या मिनिटाला अख्खं पान नव्याने लोड व्हायचं, तेव्हा पडदा पांढरा पडायचा आणि सरकती यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

एका सकाळी काम बघायला गेले, तर दुधनीहून आलेले एक आजोबा टीव्हीखाली उभेच होते. आत त्यांच्या बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं.

"पोरी, ह्ये सारकं झपझप करतंय. तिचा नंबर येईस्तवर पुन्ना वर जातंय की. मान दुखाया लागली."

मला लाज वाटली. तिथेच कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. पान तसंच ठेवून जी ओळ बदलली असेल तेवढीच बदलायची, केस बंद होऊन सर्व्हरच्या यादीतून गेली असेल तिची ओळ काढून टाकायची, असं लिहिलं. दुपारपर्यंत चढवलंही. पडदा शांत झाला. आजोबा पहिल्यांदा बाकावर टेकले.

"आता लई बेस झालं," ते म्हणाले. मग पिशवीतली शेंगाचटणी आणि भाकरी काढून अर्धी मला दिली. बायकोनंच आदल्या दिवशी केलेली. मी खाल्ली.

चारच्या सुमारास ते पाणी प्यायला गेले. परत आले आणि यादी वरपासून खालपर्यंत बोटाने वाचू लागले. दोनदा वाचली.

"तिची वळ कुटं गेली गं?"

मी लॅपटॉपवर नोंद उघडली. आत कुणीतरी केस बंद केली होती. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. डॉक्टर अजून बाहेर आले नव्हते. आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काहीतरी बिघाड असेल," मी म्हणाले. "बघते हं."

ते मान हलवून बसले. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं.

संध्याकाळी गावाहून आलेल्या पुतण्याने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. माझ्यापाशी ते थांबले.

"तुला ठावं हुतं न्हवं?"

"हो."

"मग सांगायचं की, पोरी. मी तितं बसून पेढं कुटं घ्यावं त्येचा इचार करत हुतो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुतण्या म्हणाला, "चला, तात्या," आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी प्रशासनाशी भांडून बदल करून घेतला. डॉक्टर नातेवाइकांशी समोरासमोर बोलून स्वतः बटण दाबेपर्यंत आता कुणाचीच ओळ जात नाही. आजोबांना हे कळवायला दुधनीला जायचं होतं. पत्ता नोंदीत होता. दोन वर्षं झाली, माझा पाय तिकडे वळलेला नाही.