सातशे बारा नंबरची चादर

हात्सुए माझी धाकटी बहीण. पाठची. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागलो की कुणी म्हणायला नको, हा एवढा का फुगलाय. फुगणारच. निईगाता स्टेशनासमोरच्या बारा मजली हॉटेलात ती एकोणीस वर्षं खोल्या लावतेय, आणि आता सातव्या मजल्यावरच्या तपासते. हिने होय म्हटल्याशिवाय खोली गिऱ्हाइकाला मिळत नाही. गादीवरचा एक केस हिला दारातून दिसतो. माझी नववी झाली आणि शाळा सुटली, मी आमच्या मुराकामी गावात सामन मासे खारवून वाऱ्यावर टांगतो. पण माझ्यासारखा मासा गावात कुणी वाळवत नाही, आणि माझ्या बहिणीसारखी चादर अख्ख्या निईगातात कुणी घालत नाही.

चादरीच्या कोपऱ्याला ती घालते ती घडी मूळची आमच्या आईची. वर्षअखेरीला मासा भेट द्यायचा तर आई तो कागदात बांधते, टोक आत दुमडून, वर एक सुरकुती नाही. हात्सुएने लहानपणी शेकडो मासे तसे बांधले. तीच घडी तिने गादीला घातली, आणि तिच्या हाताखालच्या बाया आता तशीच घालतात.

या फेब्रुवारीत ती म्हणाली, एप्रिलपासून सगळ्या मजल्यांची मुख्य तिला करायचं चाललंय, महिनाअखेरीला ठरेल. मग म्हटलं, एकदा जाऊन बघू तरी. आई, माझी बायको किनुयो आणि मी, एका रात्रीसाठी गेलो. सातशे बारा नंबर, तीन खाटा.

आता खरं सांगायचं तर सगळंच काही गोड नव्हतं. खोली एवढीशी, की एकाने बॅग उघडली की दुसऱ्याने पाय खाटेवर घ्यायचे. न्हाणीचा उंबरा उंच, एक्याऐंशी वर्षांच्या आईची नडगी त्यावर आपटली. उशा मात्र छान. संडासाची बैठक गरम. आई तिथे इतका वेळ बसली की किनुयोने दार वाजवून विचारलं, आई, अंथरूण इथेच घालू का. सकाळी भात उत्तम होता. पण सामनचा एक घास खाल्ला आणि मी वाढणाऱ्याला विचारलं, या माशाने समुद्र कधी पाहिलाय का. हात्सुए नेमकी तिथून जात होती. तिचे कान लाल झाले.

"दादा, मी इथे नोकरी करते," एवढंच म्हणाली.

निघायच्या आधी आईने बाह्या वर केल्या. आपण वापरलेलं मुलीच्या हाताखालच्या बायांनी आवरायचं, हे काही तिला बघवेना. टॉवेल आम्ही घरचेच नेले होते, हॉटेलचे घडीतच होते. आईने पेले धुतले, बेसिन पुसलं, कचरा पिशवीत बांधून आमच्या बॅगेत टाकला. मग तिन्ही खाटांच्या चादरी ताणून कोपरे घातले. दुसरं टोक मी धरलं. दारातून वळून बघितलं आणि म्हटलं, हात्सुएलासुद्धा ओळखू यायचं नाही.

संध्याकाळी सातला घरी तिचा फोन आला. आवाज अगदी साधा. सातशे बारामध्ये नंतर उतरलेल्या बाईंना उशीखाली एक लांब पांढरा केस सापडला होता. खोली साफ करायला गेलेल्या मियोशीबाई नव्या, त्यांना वाटलं घरच्यांची खोली म्हणून हात्सुएनेच आवरली. हात्सुएने कोपरे बघितले, तिला वाटलं मियोशीबाईंनी घातले. चादरी कुणी बदलल्याच नव्हत्या.

मी म्हटलं, आत्ता मॅनेजरला फोन करतो आणि सांगतो, हे आमच्या आईने केलं, तुझा काय दोष.

"दादा, फोन करायचा नाही. खोलीला होय मी म्हटलं. मियोशीबाईंवर जाऊ दिलं नाही, ते आईवर जाऊ देईन?"

"आणि ती मुख्यची जागा?"

"ते आता त्यांचं ते बघतील."

आई शेजारीच बसली होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "घडी माझी आहे. सकाळची पहिली गाडी धरायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत आम्ही दोघं हॉटेलात. माझा सगळ्यात चांगला मासा बरोबर होता, आईने बांधलेला. मॅनेजर कावाशिमा यांनी आत बसवलं. आई जी कमरेत वाकली ती उठेचना, शेवटी तेही वाकले. त्यांनी सांगितलं, त्या बाईंना दुसरी खोली दिली, हात्सुएने स्वतः जाऊन माफी मागितली, दुसऱ्या कुणाचं नाव काढलं नाही. पण मुख्यची जागा यंदा तिला देता यायची नाही. मासा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. नाश्त्याला असा वाढा, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

वर सातशे बाराचं दार उघडं होतं. रात्री ती खोली बंदच ठेवली होती, त्यामुळे दोन खाटांवर आईचे कोपरे अजून तसेच होते. हात्सुए मियोशीबाईंना सांगत होती, "कितीही नीट दिसली तरी आधी ओढायची. मी घातलेली असली तरी."

आम्हाला बघून ती थांबली. आम्ही आलो म्हणून रागावली नाही.

"नडगी कशी आहे, आई?"

"बरी आहे," आई म्हणाली, आणि खाटेच्या पलीकडे जाऊन चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती ओढून काढली.