सनईची वाकलेली रेकॉर्ड

दर रविवारी सकाळी मी चादरींचं दुकान असलेल्या मित्राच्या घरी रेकॉर्ड ऐकायला जातो. गेल्या मे महिन्यात जुन्या बाजारात सनईची एक रेकॉर्ड मिळाली. ती मी कित्येक वर्षं शोधत होतो. स्कूटरवर पायाशी ठेवली आणि चहाला थांबलो. अर्ध्या तासात उन्हानं ती वाकली.

"रेकॉर्ड आणलीस का पापड?" मित्र म्हणाला.

त्यानं ती दोन काचांमध्ये ठेवली आणि वर चादरींची थप्पी रचली. आठवडाभर मी रोज फोन करायचो.

पुढच्या रविवारी सुई ठेवली. सुरुवातीला सूर दोनदा डगमगले, मग सनई सरळ वाजू लागली. मी काही बोलायला तोंड उघडणार, तोच मित्र म्हणाला, "गप बस, ऐकू दे की."