खऱ्या मेलची सहा खोटी लक्षणं

माझ्या बायकोला सात वर्षांनी लागलेली नोकरी मी एका दुपारी, कोणाचीही मदत न घेता, घालवत आणली होती.

याचं मूळ माझ्या प्रमाणपत्रात आहे. माझ्या कंपनीत दसऱ्याच्या सुमारास एक मेल आला. "प्रिय मंदार, तुमच्या वर्षभराच्या कष्टांबद्दल कंपनीतर्फे दिवाळीच्या मिठाईचा डबा. आवड कळवण्यासाठी खाली क्लिक करा." आता, पंधरा वर्षांत कंपनीने माझ्या कष्टांचा उल्लेख कधी केला नव्हता. संशय यायला तेवढं पुरे होतं. पण मी क्लिक केलं. काजूकतली निवडली. (दुसऱ्या पसंतीच्या रकान्यातही काजूकतलीच लिहिली!) लगेच पडदाभर लाल अक्षरं उमटली. हा मेल खोटा होता, कर्मचारी सावध आहेत का हे बघायला कंपनीनेच तो पाठवला होता आणि मी सावध नव्हतो! शिक्षा म्हणून फिशिंगवर, म्हणजे खोट्या मेलचा गळ टाकून माणसं पकडण्याच्या उद्योगावर, चाळीस मिनिटांचा सक्तीचा वर्ग झाला.

वर्गात खोट्या मेलची सहा लक्षणं शिकवली. तो घाई करतो, धमकी देतो, नावाने हाक मारत नाही, भलत्याच पत्त्यावरून येतो, लिंक दाबायला लावतो आणि त्याची भाषा गचाळ असते. शेवटी परीक्षा होती. मी पहिल्या फटक्यात पास झालो आणि प्रमाणपत्र छापून फ्रिजवर लावलं. नुकत्याच शहाण्या झालेल्या माणसाइतका तापदायक माणूस दुसरा नसतो. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत कोणालाही कसलाही मेल आला की तो मला दाखवायची पद्धत पडली आणि माझं उत्तर ठरलेलं असे, "खोटा आहे, उडवा." दोन घरांची वीज तुटली, पण फसवणूक एकाचीही झाली नाही.

अशात एका शुक्रवारी मी घरून काम करत असताना वैदेही, म्हणजे माझी बायको, लॅपटॉप छातीशी धरून माझ्यासमोर आली. मुलगी झाली तेव्हा तिने नोकरी सोडली, मग माझ्या आईचं आजारपण निघालं, आणि बघता बघता सात वर्षं गेली. गेले वर्षभर ती अर्ज करत होती. लोक तिची मुलाखत घ्यायचे, सात वर्षांची पोकळी बघायचे आणि "कळवतो" म्हणायचे. कोणी कळवत नसे.

"कळवलं!" ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "खराडीच्या कंपनीचा मेल आलाय. निवड झाली!"

मी मेल वाचला आणि माझ्यातला प्रमाणित माणूस जागा झाला. "प्रिय उमेदवार" अशी सुरुवात. खाली तांबड्या अक्षरांत "अत्यंत तातडीचे!" आज पाचच्या आत लिंकवर कागदपत्रं चढवली नाहीत तर निवड रद्द, जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. पत्ता त्या कंपनीचा नव्हेच, भलत्याच कोणाचा तरी. आणि इंग्रजी तर असं, की एका वाक्यात तीन 'कृपया' आणि क्रियापद एकही नाही.

"सहापैकी सहा!" मी आनंदाने ओरडलो. "वैदेही, असा नमुना वर्गातसुद्धा दाखवला नव्हता गं!"

"अरे, पण मी तिथे खरोखर मुलाखत दिली आहे."

"तेच तर! या लोकांना सगळी माहिती असते."

आणि ती "थांब" म्हणेपर्यंत मी तो मेल उडवला, पाठवणाऱ्याची तक्रार नोंदवली आणि मेलचा कचऱ्याचा डबाही रिकामा केला. (वर्गात तसंच शिकवलं होतं.)

आरडाओरडा ऐकून अप्पा बाहेर आले. अप्पा म्हणजे माझे वडील. खडकीच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म तपासणी विभागात काढला. आलेला माल पास की नापास एवढंच ते ठरवायचे, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या भाजीपासून जावयापर्यंत तेच काम पुढे चालू होतं. त्यांना या प्रकाराचं फार कुतूहल वाटलं. खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले.

"ही सहा लक्षणं म्हणजे तुझं गेज," ते म्हणाले. "मापायचं साधन. बरोबर?"

"बरोबर."

"मग आधी हे गेज खऱ्या मालाला लावून दाखव. तुझ्या कंपनीचा एखादा अस्सल मेल काढ."

मी सकाळचाच मेल काढला. पगारखात्याचा, शंभर टक्के अस्सल. "सर्व कर्मचारी, अंतिम सूचना! आज पाचच्या आत लिंकवर हजेरी न भरल्यास रजा कापण्यात येईल." पत्ता बघितला तर बाहेरच्या कोणा कंत्राटदाराचा. भाषा बघवेना.

"किती लक्षणं?"

"सहा," मी हळूच म्हणालो.

"आणि तो मिठाईवाला? जो खोटा होता?"

मी आठवून बघितलं. त्याने मला नावाने हाक मारली होती. घाई नव्हती, धमकी नव्हती, भाषा आर्जवी होती. खरं सांगायचं तर नोकरी लागल्यापासून कंपनीच्या नावाने मला आलेला तो सगळ्यात सभ्य मेल होता!

"म्हणजे माल नाही, तुझं गेज बाद आहे," अप्पांनी निकाल दिला. मला मनातून ते पटलं होतं. पण मोठ्या आवाजात बोलून झालं होतं आणि प्रमाणपत्र समोर फ्रिजवर होतं. तेव्हा मी म्हणालो, "अप्पा, तुमच्या वेळी कॉम्प्युटर नव्हते."

मुलीच्या शाळेची बस यायची वेळ झाली होती म्हणून वैदेही खाली गेली, आणि तिचा चार्जिंगला लावलेला फोन वाजला. मी उचलला.

"नमस्कार, मी खराडीहून बोलतेय, एचआरमधून. वैदेही आहेत का? आमच्या मेलची तक्रार कशी काय झाली, ते विचारायचं होतं."

गळ टाकणारा स्वतःच चालत आला होता! माझ्या अंगात वीरश्री संचारली.

"खराडीत कुठे तुम्ही?"

त्यांनी इमारत सांगितली.

"समोर काय आहे?"

"समोर... बांधकाम चालू आहे."

"बाई, पुण्यात सगळ्यांच्याच समोर बांधकाम चालू असतं. हा काही पुरावा नव्हे. बरं, विश्रांतवाडीहून तुमच्याकडे यायला किती वेळ लागतो?"

"पंधरा मिनिटं."

"सापडलात!" मी गरजलो. "पुण्यात राहणारा माणूस असं कधीच म्हणणार नाही!"

"अहो, मी नोकरीचं सांगतेय. त्यांना म्हणावं, मूळ कागदपत्रं घेऊन आज पाचच्या आत ऑफिसात—"

"आवाजावरून चांगल्या घरच्या वाटता. आपण दुसरा काहीतरी उद्योग बघा," एवढं बोलून मी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला.

वैदेही मुलीला घेऊन वर आली तेव्हा मी सगळा संवाद दोन्ही आवाजांत करून दाखवला. पंधरा मिनिटांच्या वाक्यावर हशा येईल असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही.

"त्या बाईंनी पैसे मागितले?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"ओटीपी? बँकेचा नंबर?"

"नाही."

"मग मागितलं काय?"

"मूळ कागदपत्रं घेऊन ऑफिसात या म्हणाल्या."

"मंदार," अप्पा शांतपणे म्हणाले, "चोर कधी आपल्या घरचा पत्ता देऊन या म्हणतो का रे?"

हे सातवं लक्षण वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. सव्वातीन वाजले होते. वैदेही रडली असती तर मला सोपं गेलं असतं, पण ती रडली नाही. तिने कपाटातून फाइल काढली, साडीला पिना लावल्या आणि एवढंच म्हणाली, "सात वर्षं, मंदार." मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

"मी येतो," मी म्हणालो.

"तू नको. तू तिथल्या वॉचमनकडे ओळखपत्र मागशील."

अप्पा चपला घालून तयारच होते. दोघं रिक्षाने गेली. मी आणि माझी मुलगी खिडकीत बसलो. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो आणि मुलगी दर पाच मिनिटांनी विचारत होती, "बाबा, तू नेमकं काय केलंस?" उत्तर म्हणून चाळीस मिनिटांचा वर्ग केलेला माणूस तिला दर वेळी एक बिस्कीट देत होता.

साडेसहाला दोघं परत आली. रिक्षा जाताना पाऊण तास अडकली होती, पण पाचला दहा मिनिटं कमी असताना ती पोहोचली. अप्पांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"सोमवारपासून," वैदेही म्हणाली आणि मग मात्र ती रडली. मीही रडलो. पहिला पेढा तिने अप्पांना दिला, दुसरा मुलीला. बऱ्याच वेळाने मलाही मिळाला.

"त्या बाई काही म्हणाल्या का माझ्याबद्दल?" मी विचारलं.

"फार चांगल्या आहेत. हसल्या. पण फॉर्म भरताना एक रकाना आला, अडचणीच्या वेळी घरी कोणाला फोन करायचा. मी तुझं नाव लिहायला घेतलं, तर त्यांनी माझा हातच धरला."

"का?"

"म्हणाल्या, 'मॅडम, उद्या तुम्हाला चक्कर आली आणि आम्ही यांना फोन केला, तर तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत हे आम्हाला समोर काय आहे ते विचारत बसतील.'"

त्या रकान्यात आज अप्पांचं नाव आहे. आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या बाईंच्या जागी मी असतो, तर मीही मला फोन केला नसता!