उजव्या खांद्याचा अर्धा इंच

आमचे हे काय करतात असं कुणी विचारलं, की मी सांगते, लोकांचा मार खातात. विचारणारा हसतो. मी हसत नाही, कारण संध्याकाळी ते अंग शेकत मलाच बसावं लागतं.

काम असं आहे. सरावाच्या हॉलमध्ये पोरंपोरी लढतीसाठी तयार होतात. लढतीत सगळ्याला मुभा असते, त्यामुळे कुणी बॉक्सिंगचे ठोसे घेऊन येतो, कुणी कुस्तीची पकड, कुणी नुसत्या लाथा झाडतो. समोर कोण आहे ते बघून सराव करावा लागतो. तर तो समोरचा बनून उभं राहायचं, हे ह्यांचं काम. आठवडाभर त्या माणसाची रेकॉर्डिंगं मोबाइलवर बघायची आणि मग तोच होऊन मॅटवर उतरायचं. पाय कसा टाकतो, हनुवटी कुठे लपवतो, दमल्यावर कुठल्या मनगटाने नाक पुसतो, सगळं तसंच्या तसं. हॉलमध्ये ह्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. झेरॉक्स म्हणतात.

"घरी तरी स्वतःसारखं वागा," मी म्हणायचे.

"ते कसं असतं तेच विसरलो बघ," हे म्हणायचे. आधी चेष्टेत म्हणायचे, चाळिशी उलटल्यावर नुसतंच म्हणायला लागले. घरी आले की बूट काढायला खाली बसायचे आणि एक बूट हातात घेऊन तसेच बसून राहायचे. मीही दिवसभर शिलाई मशीन चालवून आंबलेली. आधी कोण उठतंय, याची वाट बघत दोघं बसायचो.

बारा वर्षांपूर्वी एका आडदांड पोराने ह्यांना उचलून आपटलं आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, पण तो पहिल्यासारखा काही बसला नाही. तेव्हापासून ह्यांचा शर्ट बेतताना मी उजवा खांदा अर्धा इंच उतरता धरते. कधी बोलले नाही. शर्ट अंगावर नीट बसतो, एवढंच त्यांना माहीत.

लेकही त्याच हॉलमध्ये वाढली. बापाच्या हाताखाली ती सगळ्यांशी लढायला शिकली, म्हणजे एकट्या बापाशीच, पण वीस-पंचवीस माणसांच्या सोंगातल्या. गेल्या वर्षी निवड चाचणीत ती एका डावखुरीकडून हरली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून म्हणाली, "बाबांचा हात मला येण्याआधी दिसतो गं. तिचा दिसलाच नाही."

कोच म्हणाले, घाबरलीस. ह्यांनीही मान हलवली. हॉलमधली निम्मी पोरं हरून आली की हेच सांगायची, सरावात दिसत होतं, तिथे दिसलं नाही, आणि सगळ्यांना कोच हेच म्हणायचे. यंदा पुन्हा गाठ त्या डावखुरीशीच होती. वयाची अट संपत होती. यंदा जिंकली तर संघात, नाही तर पोरीची दहा वर्षं पाण्यात, हे घरात तिघांनाही पाठ होतं आणि कुणी तोंडाने बोलत नव्हतं.

चाचणीला तीन आठवडे उरले असताना मी सरावाची उसवलेली जाकिटं शिवून हॉलमध्ये द्यायला गेले. एरवी दारातूनच परत फिरते. बाप लेकीला मारतोय आणि लेक बापाला, हे बघायचं माझ्याच्याने होत नाही. त्या दिवशी जाकिटं मोजून घ्यायला कुणी येईना, म्हणून बाकावर टेकले.

मॅटवर हे डावखुरी झाले होते. उजवा पाय पुढे, डावा हात मागे दडवलेला. डावा हात सुटायचा, आणि लेक त्याच्या आधीच खाली वाकलेली असायची. दहा वेळा मारला, दहाही वेळा हुकला.

"पोरीला आधीच कळतं," कोच माझ्याजवळ येऊन म्हणाले. "नजर तयार झालीय."

मला नजर बिजर काय कळणार. मला कापड कळतं. हात सुटायच्या आधी ह्यांच्या जाकिटाची उजवी शिवण खाली सरकत होती. पुढच्या वेळी पुन्हा, तेवढीच. आणि लेक हाताकडे बघतच नव्हती, त्या शिवणीकडे बघत होती.  ती जाकिटं मी तशीच बाकावर ठेवून घरी आले.

संध्याकाळी ह्यांच्या मोबाइलवर त्या डावखुरीची सगळी रेकॉर्डिंगं बघितली. खांदा ढिम्म हलत नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "पोरगी तुमचा खांदा बघून वाकते. त्या मुलीचा खांदा पडतच नाही."

"तुला यातलं काय कळतं?"

"शर्टातलं कळतं. बारा वर्षं तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली कापतेय."

 मग भिंतीवर लटकणारा आरसा काढून त्यांनी कपाटाला टेकवला आणि मला म्हणाले, "टेप घे." मशीन आणि कपाट यांच्यामधल्या दोन पावलांच्या जागेत त्यांनी सगळी माणसं काढली. बॉक्सर झाले, पकडवाला झाले, लाथा मारणारा झाले. मी प्रत्येकाचा खांदा मापला. काहीही करायच्या आधी तो पडायचाच. कधी अर्धा इंच, कधी त्याहून चिमूटभर जास्त. झेरॉक्स मशीनच्या काचेवर डाग पडला की सगळ्या कॉप्यांवर उठतो, तसं झालं होतं.

हे खाली बसले. "म्हणजे ती पोरं घाबरत नव्हती," ते म्हणाले. "मी त्यांना फक्त मला हरवायला शिकवलं."

मला म्हणायचं होतं, तुमची काय चूक. पण एकेका पोराचा पडलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात होता, ते मला दिसत होतं, म्हणून टेप गुंडाळत बसले. मलाही स्वतःचा राग येत होता. मी तो अर्धा इंच इतका बेमालूम झाकला होता, की तो आहे हे ह्यांना कधी कळलंच नाही.

दुसरा झेरॉक्स शोधायला वेळ नव्हता. मी जाड कॅनव्हासचा, बक्कल लावलेला पट्टा शिवला. उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावरून पाठीत आवळायचा, म्हणजे खांदा वर टांगलेला राहील. पहिल्यांदा आवळला तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम फुटला. "अजून एक भोक," ते म्हणाले. मी आवळला.

त्या दिवशी लेक फुटलेला ओठ घेऊन घरी आली. "आई, बाबांचं काय झालंय? कुणी परकंच उभं असल्यासारखं वाटतं." मग हे मागून आले. तिच्या ओठाला बर्फ लावत बसले, डाव्या हाताने. उजवा उचलवत नव्हता.

तीन आठवडे असेच काढले. ती रोज मार खायची, हे रोज पट्टा बांधायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना स्वतःचं बटण लावता येईना. मी म्हटलं, पुरे आता. ते म्हणाले, हात सुटायच्या आधी सरकणारा पाय ती बघायला लागलीय, आता थांबून कसं चालेल.

चाचणीत पहिला ठोसा लेकीने खाल्लाच. दुसऱ्याला तिची नजर खाली होती, त्या मुलीच्या पायांवर. त्यानंतर डावा हात तिला एकदाही लागला नाही. जिंकली. कोच नाचत होते. हे माझ्या शेजारी बसून होते, टाळी वाजवायला दुसरा हात नाही म्हणून मांडीवर थापट्या मारत होते.

संघाबरोबर जायच्या दिवशी सकाळी तिची बॅग दारात भरून ठेवली होती. ती म्हणाली, "बाबा, एकदा उभे राहा ना. पट्टा नको. कुणाची नक्कल नको."

"मग कसा उभा राहू?"

"तुमचे तुम्ही."

हे त्या दोन पावलांच्या जागेत उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना क्षणभर सुचेना. मग डावा हात निघाला. त्याच्या आधी उजवा खांदा पडला, चांगला दिसेल असा, मला मशीनवरून दिसला. लेक त्याच खांद्याकडे बघत होती. ती वाकली नाही. ह्यांचा हात हलकेच येऊन तिच्या गालाला लागला आणि तिथेच राहिला.

"दिसला नाही का?" ह्यांनी विचारलं.

"दिसला की."

ती गेल्यावर हे भरदिवसा आडवे झाले. "दमलो गं," म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं. झोप लागल्यावर मी हलक्या हाताने टेप लावला. खांदा सव्वा इंचावर आला होता. नवा शर्ट बेतायला घेतलाय. या वेळी दोन्ही खांदे सारखेच कापणार आहे, दिसायचं ते दिसू दे.