उपरण्याखालचा भाव
जिथे भाव बोलून ठरतच नाही, तिथे मी भावाची बोलणी टिपायला रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. अजूनही कुठे कडब्याचा आणि शेणाचा वास आला की घोडेगावचा तो जनावरांचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. पीएचडीसाठी मी प्रश्न काढला होता: बैलाचा सौदा करताना शेतकरी आणि व्यापारी एकमेकांशी काय बोलतात? प्रश्नाच्या मी अगदी प्रेमात होतो. सोमवारी तो समितीपुढे मांडायचा होता. नामंजूर झाला असता तर वर्ष वाया. ‘आधी बाजारात जाऊन ये,’ मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ‘तिथं उत्तर मिळतंय का बघ.’ मी छाती काढून गेलो आणि एका खिल्लार जोडीपाशी रेकॉर्डर पुढे धरला. शेतकऱ्यानं आणि व्यापाऱ्यानं हातात हात घेतले, वर उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबून आकडे सांगत सौदा सुरू केला. बाहेर चकार शब्द नाही. हंबरत होते ते बैलच. ‘काय बोलणं झालं?’ मी विचारलं. व्यापारी हसला, ‘सायेब, बोलायचंच आसतं तर उपरनं कशाला टाकलं आसतं?’ परतीच्या एसटीतच मी प्रश्न बदलला: भाव असा झाकल्यानं फायदा कुणाचा होतो? समितीनं तो एका बैठकीत मान्य केला. आता माझे विद्यार्थी कच्चे प्रश्न घेऊन आले की मी हा किस्सा ऐटीत सांगतो. गेल्या आठवड्यात बाईही ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘पोरांनो, याचे वडील जन्मभर त्याच बाजारात बैल विकत होते. यानं घरी तेवढं विचारलं नाही.’